पाण्याखालचा धूर

कोकणात देवबागला एका मेस्त्रीच्या अंगणात दोनशे लिटरचं निळं पिंप आहे. होडीची मोटर दुरुस्त झाली की तो ती पिंपाच्या काठावर अडकवतो, खालचा पंखा पाण्यात नीट बुडालाय ना ते बघतो आणि दोरी ओढतो. मी गेलो तेव्हा १५ हॉर्सपॉवरची एक जुनी टू-स्ट्रोक लावलेली होती. तिसऱ्या हिसक्याला ती सुरू झाली, पिंपातलं पाणी उसळलं, दहाएक मिनिटं फटफटाट झाला. बंद केल्यावर आत डोकावलो, तर पाण्यावर सायीसारखा तवंग, त्यात मोरपिशी रंग आणि पिंपाच्या कडेला काळपट चिकट रेघ. एवढी जुनी मोटर, मग धूर कसा फारसा दिसला नाही, असं विचारलं. ‘‘धूर पाण्यात जाता. म्हणान दिसणा नाय,’’ मेस्त्री म्हणाला आणि त्याने ते पाणी माडाच्या आळ्यात नव्हे, मुद्दाम लांब नेऊन ओतलं.

होडीच्या काठाला अडकवायच्या या औटबोर्ड मोटरच्या प्रदूषणाला कायद्याने हात घालायला इतका उशीर का झाला, त्याचं अर्धं उत्तर या पिंपात आहे. ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात १९०९ साली आपली मोटर विकायला काढली. त्याच्या आधी कॅमेरॉन वॉटरमनने तसा प्रयत्न केला होता, पण धंदा वाढवला तो एव्हिनरूडने. पुढे धूर पाण्याखाली सोडायची रीत रुळली. तिने आवाज दबतो आणि बसणाऱ्याच्या तोंडावर धूर येत नाही. सोय म्हणून उत्तमच. फक्त तो धूर गेला कुठे, हे फारसं कुणी विचारलं नाही.

टू-स्ट्रोकचं दुखणं काय, हे पुण्यात बजाजच्या स्कूटरवर वाढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं आणि मागच्याने निळा धूर खायचा. सिलिंडरमध्ये नवं मिश्रण आत येतं तेव्हा जळालेला वायू बाहेर जायची वाटही उघडीच असते. नवं जुन्याला ढकलतं आणि ढकलता ढकलता स्वतःही थोडं बाहेर सटकतं. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या औटबोर्डमध्ये हे ‘थोडं’ २५ ते ३० टक्क्यांपर्यंत जायचं. म्हणजे चार लिटर पेट्रोल भरलं की त्यातलं एक लिटर न जळताच पाण्यात. स्कूटरचा धूर निदान डोळ्यांत तरी जायचा.

हे लोकांच्या नजरेत भरलं ते एका गमतीच्या वळणाने, आणि गंमत मला अजून पुरती पचलेली नाही. नव्वदच्या दशकात कॅलिफोर्नियात हवा स्वच्छ राहावी म्हणून पेट्रोलमध्ये एमटीबीई नावाचं रसायन मिसळू लागले. त्यात ऑक्सिजन असतो, त्यामुळे गाड्यांचं पेट्रोल जास्त पुरतं जळतं. पण ते पाण्यात सहज विरघळतं, लवकर विघटित होत नाही आणि अगदी थोडं असलं तरी पाण्याला टर्पेंटाइनसारखी चव येते. कॅलिफोर्निया आणि नेवाडाच्या सीमेवरच्या टाहो तलावात ते सापडलं तेव्हा तिथली मंडळी दचकली. हा तलाव समुद्रसपाटीपासून ६,२२५ फुटांवर, १,६४५ फूट खोल, आणि काही पाणीयोजना गाळणी न लावता थेट त्यातून पिण्याचं पाणी उचलतात. बे एरियातली मराठी कुटुंबं बर्फ पडला की जिथे पळतात, तोच हा टाहो. तलावात पेट्रोल येतंय कुठून, याचा माग काढला तर उन्हाळ्यातल्या होड्यांच्या आणि जेट-स्कींच्या टू-स्ट्रोक इंजिनांपाशी जाऊन थांबला. पेट्रोल एकटं असतं तर तवंग वाऱ्याने उडून गेला असता आणि कुणाच्या लक्षातही आलं नसतं. हवेसाठी घातलेल्या औषधाने पाण्यातली चोरी पकडून दिली.

टाहोच्या प्रादेशिक नियोजन संस्थेने १ जून १९९९ पासून कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोकला तलावात बंदी घातली. त्यानंतर पाण्यातले पेट्रोलचे अंश बरेच खाली आले. एक गैरसमज मात्र अजून ऐकू येतो, की या बंदीने टाहोचं पाणी पुन्हा नितळ होणार होतं. पांढरी तबकडी पाण्यात सोडून ती किती खोलवर दिसते, ते तिथे १९६८ पासून मोजतात. त्या वर्षी ती सरासरी १०२ फुटांपर्यंत दिसली, १९९७ साली ६४ फुटांपर्यंत. पण हा फरक पडतो रस्त्यांवरून आणि बांधकामांवरून वाहून येणाऱ्या बारीक गाळाने, आणि शेवाळाने. होड्यांच्या इंजिनाला त्यात धरणं म्हणजे साप सोडून भुई धोपटणं.

देशपातळीवरचा नियम टाहोच्या आधीचा, पण स्वभावाने मवाळ. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९९६ साली औटबोर्ड आणि जेट-स्कींसाठी मर्यादा ठरवल्या, १९९८ ते २००६ अशा हळूहळू कसत नेल्या, आणि त्याही कंपनीच्या सगळ्या मोटरींच्या सरासरीवर. म्हणजे कंपनीने चार स्वच्छ मोटरी काढल्या की एक धुरकट खपून जायची. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाला एवढा धीर नव्हता. १९९८ च्या डिसेंबरात त्यांनी ठरवलं, की देशाला २००६ पर्यंत गाठायचं ते आमच्याकडे २००१ लाच, आणि २००८ ला त्याहून ६५ टक्के कमी. त्यांनी तेव्हा दिलेलं उदाहरण गाजलं होतं : १०० हॉर्सपॉवरची जेट-स्की सात तास चालवली की १९९८ ची मोटारगाडी एक लाख मैल चालवण्याहून जास्त धूर होतो. मोटरींवर ताऱ्यांचे स्टिकर आले, एक ते चार, जितके तारे जास्त तितका धूर कमी.

आणि यात एक जुनं घराणं बुडालं. होंडाने १९६४ पासूनच फोर-स्ट्रोक औटबोर्ड बनवल्या होत्या, ज्यांत नवं मिश्रण आणि जळालेला वायू वेगवेगळ्या वेळी ये-जा करतात, त्यामुळे त्यांना हा नियम घरचाच. एव्हिनरूड आणि जॉन्सन या दोन्ही नावांची मालक असलेल्या आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशनने वेगळा डाव टाकला. इंजिन टू-स्ट्रोकच, पण बाहेर जायची वाट बंद झाल्यावर पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारायचं. कल्पना अचूक होती. ‘फिख्ट’ नावाने ही मोटर १९९६ मध्ये आली, पण मोठ्या आकाराची इंजिनं भर पाण्यात बसायला लागली, आणि २००० च्या डिसेंबरात कंपनीने दिवाळं काढलं. नियमामुळे बुडाली असं म्हणणारे आजही भेटतात. मला ते पटत नाही. घाईने बाजारात आणलेलं इंजिन तिला भोवलं. तीच कल्पना पुढे बॉम्बार्डियरने ‘ई-टेक’ म्हणून नीट करून दाखवली, आणि ती मोटर २०२० च्या मे महिन्यापर्यंत तग धरून होती. तोवर बाजार फोर-स्ट्रोकचा झालेला होता. मधल्या काळात नियम मोटरीबाहेरही सरकले. २००९ पासून अमेरिकेत पेट्रोलच्या नळीतून झिरपणाऱ्या वाफेलाही मर्यादा आली. 

देवबागच्या अंगणात आता दोन्ही जातीच्या मोटरी येतात. मेस्त्रीला फोर-स्ट्रोक आवडत नाही असं नाही. ती पेट्रोल कमी पिते, पिंपात तवंग जवळपास येत नाही, गिऱ्हाईक खूश. तक्रार दुसरीच आहे. मेअखेर होड्या वर ओढल्या की मोटरी सोडवून घरात न्यायच्या असतात. १५ हॉर्सपॉवरची टू-स्ट्रोक ३६ किलोंच्या आसपास भरते, तो ती खांद्यावर घेऊन वाळूतून चालत जायचा. फोर-स्ट्रोक ५० च्या आसपास. ‘‘ही एकट्यान उचलूक येवची नाय,’’ तो म्हणतो. मोठ्या इंजेक्शनवाल्या मोटरीबद्दल तर बोलायलाच नको : ‘‘लॅपटॉप नसलो तर हात लावूक नको.’’ त्याच्याकडे लॅपटॉप नाही. मुलगा कुडाळला शिकतो, तो सुट्टीत आला की त्या मोटरी उघडतात, तोवर त्या पिंपाशेजारी गोणपाटाखाली पडून असतात.