मुख्य विषयाचा रकाना कोरा असेल तर
परवा शेजारच्या वहिनी बारावी उत्तीर्ण कन्येस घेऊन आल्या. अर्जातील ‘मुख्य विषय’ हा रकाना कोरा होता आणि मुदत संपत आली होती.

महाविद्यालयाच्या दफ्तरात प्रवेशाचे काम पाहणाऱ्या मला हे नवे नाही. परंतु 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार जी नवी रचना आपल्या विद्यापीठांत आली, तिच्यामुळे या रकान्याची धास्ती बरीच उणावली आहे, हे पुष्कळ पालकांच्या अद्याप गावीही नाही.

मुख्य विषयाच्या जोडीस गौण विषय असतो, आणि खुला वैकल्पिक विषय तर अन्य विद्याशाखेतूनच घ्यावा लागतो. त्यामुळे रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीस अर्थशास्त्राची गोडी खरी की ऐकीव, हे पदवी पणास न लावता पारखता येते. (आमची मुले मात्र तेथे सोपा पेपर हुडकतात!)

तीन वर्षांनी पदवी, चौथ्या वर्षानंतर ऑनर्स. मध्येच पहिल्या वर्षाअखेर प्रमाणपत्र वा दुसऱ्या वर्षाअखेर पदविका घेऊन थांबण्याची मुभा आहे, परंतु त्यासाठी 4 जादा क्रेडिट मिळवावी लागतात.

बारावी विज्ञानानंतर कलाशाखेकडे वळता येते. उलट वाट सहसा बंद.

नावावर भाळण्यापूर्वी तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम अवश्य वाचावा: मानसशास्त्रात संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्रात गणित दबा धरून बसलेले असते.

शंका खुशाल विचाराव्यात. विद्यापीठाचे नाव तेवढे लिहावे, कारण तपशील स्थळपरत्वे बदलतो.