रेवन ‘कॅनन’ आहे की नाही? स्टार वॉर्सचे चाहते गेममधल्या एका पात्रावरून एवढे का भांडतात?

स्टार वॉर्सच्या दोन जुन्या चाहत्यांना समोरासमोर बसवा आणि फक्त एवढंच विचारा, “रेवन कॅनन आहे का?” चहा गार होईल, पण वाद काही संपणार नाही.

गंमत म्हणजे हा रेवन एकाही स्टार वॉर्स सिनेमात दिसलेला नाही. तो आला २००३ सालच्या एका व्हिडिओ गेममधून. तरीही त्याचा मुखवटा आणि त्याची गोष्ट चाहत्यांना तोंडपाठ आहे. मग भांडण कशावरून? तर हे पात्र स्टार वॉर्सच्या ‘अधिकृत’ गोष्टीचा भाग धरायचं की नाही, यावरून.

ऐकायला हा वाद पोरकट वाटेल. पण त्याच्या मुळाशी एक चांगला प्रश्न आहे. एखादी गोष्ट नक्की कोणाची? ती लिहिणाऱ्याची, तिचे हक्क विकत घेणाऱ्या कंपनीची, की ती खेळण्यात रात्री जागवणाऱ्याची?

आधी समजून घेऊ, कॅनन म्हणजे काय?

कॅनन म्हटलं की आपल्याला कॅमेरा आठवतो. पण हा शब्द फार जुना आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मोजपट्टी किंवा नियम. पुढे ख्रिस्ती धर्मात जे ग्रंथ प्रमाण मानले गेले, त्यांच्या यादीला कॅनन म्हणू लागले.

गोष्टींच्या जगात हा शब्द रुळवला तो शेरलॉक होम्सच्या चाहत्यांनी. सर आर्थर कॉनन डॉयल यांनी होम्सच्या ४ कादंबऱ्या आणि ५६ कथा लिहिल्या. बाकी असंख्य लोकांनी होम्सवर लिहिलं. त्यामुळे डॉयल यांच्या या ६० गोष्टींना चाहते ‘कॅनन’ म्हणू लागले.

होम्सच्या बाबतीत हिशेब सोपा होता, कारण लेखक एकच. स्टार वॉर्समध्ये सिनेमे, कादंबऱ्या, कॉमिक्स, कार्टून आणि गेम्स मिळून शेकडो लोकांनी एकच विश्व रचलं. तिथे खरं काय आणि जोडलेलं काय, हे ठरवायचं कोणी?

रेवन आहे तरी कोण?

(इथून पुढे गेमचं गुपित फुटणार आहे. गेम खेळायचा बेत असेल तर हा भाग सोडून द्या.)

२००३ मध्ये बायोवेअर या कंपनीने ‘स्टार वॉर्स: नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’ हा गेम आणला. याची गोष्ट घडते सिनेमांच्या सुमारे ४ हजार वर्षं आधी. रेवन हा जेडाय योद्धा. वरिष्ठांचा विरोध डावलून तो मँडलोरियन लोकांविरुद्ध लढायला जातो आणि युद्ध जिंकतो. पण परततो तो सिथ बनून, ज्या प्रजासत्ताकाला वाचवलं त्यावरच चाल करून. शेवटी त्याचाच साथीदार मलाक त्याच्यावर उलटतो.

ही सगळी हकीकत गेममध्ये जुना इतिहास म्हणून कानावर पडत राहते. आपण खेळत असतो एक साधासुधा सैनिक म्हणून. आणि बराच गेम खेळून झाल्यावर कळतं की तो रेवन म्हणजे आपणच! जेडायांनी त्याची स्मृती पुसून त्याला नवी ओळख दिलेली असते.

या धक्क्यासाठी हा गेम आजही ओळखला जातो. सिनेमा बघताना “डार्थ व्हेडर हा ल्यूकचा बाप” हे आपण ऐकतो. इथे मात्र गुन्हेगार आपण स्वतः निघतो. त्यापुढे चांगल्या बाजूला राहायचं की पुन्हा काळ्या बाजूला जायचं, हे खेळणाऱ्याने ठरवायचं.

पहिली ठिणगी: तुमचा रेवन, आमचा रेवन

खरी मेख इथेच आहे. या गेममध्ये रेवन पुरुष की स्त्री, दिसायला कसा, शेवटी चांगला की वाईट, हे सगळं खेळणारा निवडतो. म्हणजे जितके खेळणारे, तितके रेवन.

२००४ मध्ये गेमचा दुसरा भाग आला. त्यात ऑब्सिडियन या कंपनीने एक हुशारी केली. गप्पांच्या ओघात खेळणाऱ्यालाच विचारून घेतलं की तुझ्या लेखी रेवन पुरुष होता की स्त्री, आणि त्याचं पुढे काय झालं. तुम्ही सांगाल ते त्या गेमपुरतं खरं.

कादंबरीला ही सोय नसते. तिथे ‘तो’ किंवा ‘ती’ यातलं एक लिहावंच लागतं. त्यामुळे स्टार वॉर्सच्या अधिकृत इतिहासात रेवन पुरुष ठरला आणि चांगल्या बाजूला परतलेला ठरला. दुसऱ्या भागाची नायिका स्त्री ठरली. २०११ मध्ये पहिल्या गेमचे प्रमुख लेखक ड्रू कार्पिशिन यांचीच ‘रेवन’ नावाची कादंबरी आली आणि त्यावर शिक्कामोर्तब झालं.

ज्यांनी स्त्री रेवन निवडून पूर्ण गेम खेळला होता, त्यांना काय वाटलं असेल? कंपनीने कोणाचा गेम काढून घेतला नाही, पण तुमची निवड ‘खरी’ नव्हती, एवढं मात्र सांगून टाकलं. रेवनवरून झालेल्या वादांमधला बराचसा राग इथून सुरू होतो.

मग आलं २०१४ साल

ऑक्टोबर २०१२ मध्ये डिस्नेने लुकासफिल्म सुमारे ४ अब्ज डॉलरला विकत घेण्याची घोषणा केली. नवे सिनेमे येणार हे लगेच ठरलं. पण अडचण होती ती कादंबऱ्यांची. त्यांत मूळ सिनेमांनंतरची कित्येक वर्षं आधीच लिहून झाली होती. हान सोलो आणि लेया यांना तीन मुलं होती. १९९९ च्या एका कादंबरीत तर च्युबाका मेलासुद्धा होता!

हे सगळं पाळायचं तर नव्या दिग्दर्शकाचे हातपाय बांधल्यासारखं झालं असतं. शिवाय फक्त सिनेमे बघणाऱ्याला ती पुस्तकं कुठे माहीत असणार?

म्हणून एप्रिल २०१४ मध्ये लुकासफिल्मने जाहीर केलं की तोवरचे सहा सिनेमे आणि ‘द क्लोन वॉर्स’ एवढंच कॅनन. बाकी सगळं ‘लेजेंड्स’, म्हणजे दंतकथा. नवं जे येईल, मग तो सिनेमा असो, पुस्तक असो की गेम, ते कंपनीच्या स्टोरी ग्रुपच्या देखरेखीखाली एकाच गोष्टीचा भाग असेल.

रेवन एका दिवसात दंतकथेत गेला. जी कादंबरी त्याची ‘खरी’ गोष्ट ठरवत होती, तीही त्याच्यासोबत गेली.

आधी सगळं सुरक्षित होतं का?

चाहते बऱ्याचदा सगळा दोष डिस्नेला देतात. पण त्याआधीही सगळ्या गोष्टींना सारखा मान नव्हता. लुकासफिल्मकडे ‘होलोक्रॉन’ नावाची माहितीची नोंदवही होती आणि त्यात कॅननच्या पायऱ्या होत्या. सगळ्यात वर जॉर्ज लुकास यांचे सिनेमे, त्याखाली टीव्ही, आणि त्याखाली कादंबऱ्या, कॉमिक्स, गेम्स. वरच्याशी पटलं नाही तर खालचं रद्द.

तसं घडलंही. बोबा फेट या पात्राचा एक पूर्वेतिहास पुस्तकांत लिहिला गेला होता. २००२ च्या सिनेमात लुकास यांनी तो क्लोन असल्याचं दाखवलं आणि जुनी माहिती निकालात निघाली. गेममधली पात्रं आधीपासूनच भाडेकरू होती. २०१४ मध्ये त्यांना एकदम घर सोडायची नोटीस मिळाली, इतकंच.

दंतकथेतून परत येता येतं का?

येतं. ग्रँड ॲडमिरल थ्रॉन हा १९९१ च्या टिमोथी झान यांच्या कादंबरीतला खलनायक. २०१४ मध्ये तोही बाहेर गेला, पण २०१६ मध्ये ‘रिबेल्स’ या मालिकेतून परत आला. आता तो पूर्ण कॅनन आहे. जुन्या कादंबऱ्यांमधल्या घटना मात्र अजून लेजेंड्सच आहेत.

याउलट स्टारकिलर. २००८ च्या ‘द फोर्स अनलीश्ड’ गेमचा हा नायक, डार्थ व्हेडरचा गुप्त शिष्य. त्याच्या गोष्टीत बंडखोरांची आघाडी त्याच्यामुळे उभी राहते. पण नव्या कॅननमध्ये हीच आघाडी वेगळ्या लोकांनी उभारल्याचं दाखवून झालंय. आता स्टारकिलरला जसाच्या तसा आणायचा तर ती गोष्ट मोडावी लागेल.

रेवनची अडचण अशी नाही. तो हजारो वर्षं आधीचा असल्यामुळे कोणाच्या वाटेत येत नाही. २०१९ मध्ये ‘द राइज ऑफ स्कायवॉकर’ या सिनेमासोबत आलेल्या अधिकृत सचित्र कोशात सिथ सैनिकांच्या तुकड्यांची नावं दिली होती. प्राचीन सिथांवरून ठेवलेल्या त्या नावांत एक होतं रेवन.

चाहत्यांनी जल्लोष केला. पण लगेच नवा वाद सुरू झाला. नुसतं नाव आलं म्हणजे माणूस आला का?

मग उत्तर काय?

हा वाद चिघळतो, कारण ‘रेवन’ या एका शब्दात तीन वेगळे प्रश्न लपलेले आहेत.

पहिला, रेवन नावाचं कोणी त्या विश्वात होऊन गेलं का? हो. अधिकृत पुस्तकात नाव आहे.

दुसरा, गेममध्ये घडलं ते सगळं कॅनन आहे का? नाही. ती गोष्ट लेजेंड्समध्येच आहे. फक्त नाव घेतल्याने स्मृती पुसणं, मलाकचा दगा, हे आपोआप आत येत नाही.

तिसरा, तुम्ही खेळलेला रेवन कॅनन आहे का? तो कधीच नव्हता, २०१४ च्या आधीही नाही.

दोन चाहते भांडत असतात तेव्हा अनेकदा एक जण पहिल्या प्रश्नाचं उत्तर देत असतो आणि दुसरा तिसऱ्याचं. दोघंही बरोबर असतात आणि दोघंही चिडलेले असतात.

पुढच्या गेमकर्त्यांनी यातून एक सोपी वाट काढली. २०१९ च्या ‘जेडाय: फॉलन ऑर्डर’चा नायक कॅल केस्टिस पहिल्या दिवसापासून कॅनन आहे. कारण त्याचं नाव, चेहरा आणि शेवट आधीच ठरलेला आहे. तलवारीचा रंग तुम्ही बदलू शकता, गोष्ट नाही. कॅनन असण्याची ही किंमत आहे. रेवन लोकांना इतका आपला वाटला, तो नेमका ही किंमत न मोजल्यामुळे.

कधीकधी चाहते जिंकतातही

कॅनन नेहमी वरूनच ठरतं असंही नाही. १९९२ च्या ‘मॉर्टल कॉम्बॅट’ गेमच्या तांत्रिक मेनूमध्ये ‘अर्मॅक्स’ असा शब्द दिसायचा. तो खरं तर ‘एरर मॅक्रो’चं लघुरूप होता, प्रोग्रॅममधल्या चुका मोजण्यासाठी. पण खेळणाऱ्यांना वाटलं की अर्मॅक नावाचा एक लपलेला योद्धा आहे. अफवा इतकी पसरली की १९९५ मध्ये निर्मात्यांनी अर्मॅकला खरोखरच गेममध्ये आणलं. चुकांच्या मोजणीतून जन्मलेलं पात्र कॅनन झालं!

म्हणजे कॅननचा शिक्का कंपनीकडे असतो, पण तो कुठे मारायचा हे कधीकधी लोकांची ओढ ठरवते. रेवनचं नाव त्या कोशात आलं, तेही कोणीतरी त्याला विसरलं नव्हतं म्हणूनच.

बाकी लेजेंड्सचा शिक्का बसला म्हणून जुना गेम कुठे गेलेला नाही. तो आजही विकत मिळतो, खेळता येतो. आणि पात्र निवडायची वेळ आली की स्त्री रेवन निवडायची मुभा तिथे अजूनही आहे.