एमेई पर्वत : जाण्याआधी

चीनच्या सिचुआन प्रांतातला ३,०९९ मीटर उंचीचा हा पर्वत बोधिसत्त्व समंतभद्राचं स्थान मानला जातो. वान्नियान मठ चुकवू नका. सहा सुळ्यांच्या हत्तीवर बसलेली समंतभद्राची तिथली ब्राँझमूर्ती इ. स. ९८० मधली, वरचा विटांचा घुमट एकाही तुळईविना उभा आहे. जंगलात वनस्पतींच्या ३,००० हून अधिक प्रजाती आहेत. माकडं मात्र माथेरानच्या माकडांच्या नात्यातली आणि तितकीच लोचट, खाऊची पिशवी हाती दिसू देऊ नका! जवळच्या लेशानच्या ७१ मीटर उंच बुद्धासह एमेई १९९६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. चेंगडूहून रेल्वेनं पायथा, पुढं बस आणि रोपवे. पायी चढणार असाल तर मठात मुक्काम करा. शिखरावर उन्हाळ्यातही स्वेटर लागतो.