ऑटोचा सांगाडा

मुलांनो, उर्दूत 'गंज' म्हणजे खजिना. मराठीत मात्र गंज म्हणजे लोखंड खाणारा तांबूस थर, आपल्या उर्दूतला जंग. नांदेडला माझ्या चुलतभावाच्या ऑटोच्या सांगाड्याला तो लागला. त्याच ऑटोवर त्याचे घर चालते.

एका कारागिराने गंज न काढताच वरून पत्र्याचा तुकडा जोडला. पंधरा दिवसांत जोड उघडला. असे का झाले? वेल्डिंगमध्ये दोन्हीकडचे लोखंड वितळून एकजीव व्हावे लागते. गंज मध्ये राहिला की जोड आतून पोकळ होतो. शिवाय गंजलेला पत्रा पातळ झालेला असतो. जाड रॉड आणि जास्त करंट लावला की त्याला भोके पडतात. तिथे बारीक तारेचे, कार्बन डायऑक्साइड वायू सोडणारे यंत्र बरे.

म्हणून कारागिराचे जुने काम आधी पाहा. मग विचारा, "चाचा, गंज कुठवर घासणार?" "चकचकीत लोखंड लागेपर्यंत," असे उत्तर आले तर पुढे बोला. बॅटरीची तार काढणे, पेट्रोलची टाकी उतरवणे हे त्याने न सांगता करावे. चॅसिस क्रमांकाला ग्राइंडर लागताच कामा नये; पासिंगच्या वेळी तो तपासतात.

दुसरा कारागीर लातूरच्या आय.टी.आय.मध्ये शिकलेला होता. त्याने पैसे जास्त घेतले, पण कुजलेला पत्रा कापूनच काढला. घरासमोर काम सुरू होताच गल्लीतील मुले जमली. ती दूर जाईपर्यंत त्याने यंत्र चालू केले नाही. तो उजेड उघड्या डोळ्यांनी पाहिला की रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते.