भोकरदनच्या खडकांतील पाणी

शहरांतील घरांत तोटी फिरविली कीं पाणी येतें, आणि तें कोठून आलें हा प्रश्न तोटी कोरडी पडल्यावरच सुचतो. जालना जिल्ह्याच्या उत्तरेस असलेल्या भोकरदन तालुक्यांतील शेतकऱ्यास मात्र हा प्रश्न बारा महिने सोडवावा लागतो. केळणा नदीच्या कांठचें भोकरदन हें गांव फार जुनें. प्राचीन काळीं तें भोगवर्धन या नांवानें प्रसिद्ध होतें. सांचीच्या स्तूपास दान देणाऱ्यांच्या लेखांत या नगरीच्या रहिवाशांचा उल्लेख सांपडतो, आणि १९७० नंतरच्या दशकांत झालेल्या उत्खननांत सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष हातीं आले. जेथें दोन हजार वर्षांपूर्वीं नगर भरभराटलें, तेथें पाणी मुळींच नव्हतें असें म्हणतां येणार नाहीं. मग पाऊस थोडा उणा झाला कीं त्याच मुलखांत टँकरची वाट पाहण्याची पाळी कां यावी?

पाऊस कमी, हें उत्तर अर्धेंच खरें आहे. या भागांत सरासरीनें वर्षाला सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे एक हेक्टर जमिनीवर सत्तर लाख लिटर पाणी आकाशांतून उतरतें. आंकडा डोळे दिपविणारा आहे; परंतु त्यांतील पुष्कळसें पाणी उन्हानें व पिकांच्या पानांवाटे उडून जातें, कांहीं ओढ्यानाल्यांनीं पूर्णेकडे धांवतें, आणि जमिनीच्या पोटांत उतरतो तो साधारणतः दहावा हिस्सा. विहिरीचा शेतकरी जगतो तो या दहाव्या हिश्शावर, हेक्टरी सुमारें सात लाख लिटरांवर. एवढें पाणी जमिनीवर सपाट पसरलें तर त्याची उंची ७० मिलिमीटर, म्हणजे चार बोटांइतकी भरेल.

हें चार बोटें पाणी सांठतें कोठें, हें समजण्यासाठीं जमिनीखालचा खडक पाहिला पाहिजे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या पोटांतून निघालेला तप्त रस एकावर एक पसरत गेला व थिजला. तव्यावरचीं धिरडीं एकावर एक रचावींत, तशी महाराष्ट्राच्या बहुतेक भूमीची रचना आहे. प्रत्येक थराचा मधला भाग काळा, टणक, पाण्यास दाद न देणारा. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनीं सच्छिद्र झालेला. या दुसऱ्या प्रकारास मांजऱ्या खडक म्हणतात. दोन थरांच्या मध्यें कित्येक ठिकाणीं तांबड्या मातीचा पापुद्रा असतो आणि तो पाणी सहसा खालीं जाऊं देत नाहीं. सर्वांत वरचा खडक झिजून त्याचा मुरूम झालेला असतो. पाणी राहतें तें या मुरमांत, मांजऱ्याच्या छिद्रांत आणि काळ्या पाषाणाच्या भेगांत. जमिनीखालीं नद्या वाहतात, तळीं पसरलीं आहेत, ही समजूत अगदीं निराधार आहे. पाणाड्या बोट दाखवील तेथें कधीं पाणी लागतें. पण ओल्या मुरमाच्या शिवारांत कोठेंही खणलें तरी थोडें पाणी लागावें, यांत नवल तें काय?

आतां एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. उत्तर हिंदुस्थानच्या गाळाच्या प्रदेशांत वाळूचा थर आपल्या शंभर भागांतून दहापंधरा भाग पाणी सोडूं शकतो. आपला खडक सोडतो तो एक ते तीन भाग. समजा, दोन भाग. तर वर सांगितलेलें चार बोटें पाणी खडकांत शिरलें म्हणजे विहिरीची पातळी साडेतीन मीटर वर चढते! पोळ्याच्या सुमारास तुडुंब झालेली विहीर पाहून घरच्या मंडळींस आनंद होतो, आणि तो साहजिकच आहे. परंतु विहिरींत दिसणारें मीटरभर पाणी म्हणजे शिवारांत दोन सेंटिमीटर पाणी, हें कोणी ध्यानांत घेत नाहीं. उंच व निमुळत्या तोंडाच्या बरणींत पावशेर तेल पुष्कळ दिसावें, तसाच हा प्रकार. बरणी भरते लवकर आणि रिकामीही लवकर होते. माघ संपतो न संपतो तोंच विहिरीचा तळ दिसूं लागतो.

जुन्या काळीं या उपशास एक मर्यादा होती, आणि ती बैलांची होती. मोट धरली, बैल धांवेवरून उतरले, थारोळ्यांत पाणी ओतलें गेलें, पुन्हां बैल मागें सरले. दिवसभर हें चाललें तरी एक जोडी किती पाणी उपसणार? बैल दमला कीं विहिरीसही विसांवा मिळे, रात्रीं पाझर भरून येई. मोटेचे दिवस सुखाचे होते असें मात्र कोणीं समजूं नये. पहाटेच्या थंडींत नाडा ओढणाऱ्या माणसास आणि त्या मुक्या जनावरांस तें सुख विचारावें. इंजिनें व विजेचे पंप आले तेव्हां त्या कष्टांतून सुटका झाली. मात्र कष्टांबरोबर ती मर्यादाही गेली. पुढें १९७२ चा दुष्काळ पडला, पिण्याच्या पाण्यासाठीं खडक भेदणारीं यंत्रें महाराष्ट्रभर फिरलीं, आणि तहान भागविण्यासाठीं आलेली बोअरची युक्ती हळूहळू शेताच्या बांधावर येऊन बसली.

बोअर विहिरीहून कितीतरी खोल जातें. तें वरच्या थराचें पाणी घेतेंच, शिवाय तांबड्या पापुद्र्यास भोंक पाडून खालच्या थरास हात घालतें. खालचें पाणी अनेक पावसाळ्यांत थेंबाथेंबानें उतरलेलें. तें काढण्यास कांहीं आठवडे पुरतात, भरून येण्यास वर्षें लागतात. आणखी एक गोष्ट घडते. बोअरला वरच्या बाजूस पुरेसा नळ बसविलेला नसेल, तर वरच्या थराचें पाणी त्याच छिद्रांतून खालीं गळतें आणि शेजाऱ्याची उथळ विहीर पावसाळा संपतांच आटते. मग शेजारी आपल्या विहिरींत आडवें बोअर मारतो. त्यास उत्तर म्हणून पहिला आणखी खोल जातो. दोघांनीं कर्ज काढलेलें असतें. पाणी मात्र तेंच, चार बोटें.

हा सर्व खर्च शेतकरी हौसेनें करतो काय? भोकरदन तालुक्यांतील पिंपळगांव रेणुकाईचा मिरचीचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. पावसाळ्याच्या तोंडीं हिरवी मिरची बाजारांत आणणाऱ्यास चांगला भाव मिळण्याची आशा असते, म्हणून लागवड चैत्रवैशाखांत, पाण्याच्या ऐन टंचाईच्या दिवसांत करावी लागते. कापूस व मका यांच्या भावाचा भरंवसा नाहीं. मिरचीनें एखाद्या वर्षीं मुलीचें लग्न होतें, मुलाची फी भरली जाते. मोसंबीची गोष्ट याहून कठीण आहे. मिरची एक हंगाम सोडून देतां येते. मोसंबीचें झाड वर्षानुवर्षें जगवावें लागतें. सहा मीटर अंतरावर लावलेल्या बागेंत हेक्टरीं पावणेतीनशें झाडें बसतात, आणि पूर्ण वाढलेल्या झाडास कडक उन्हाळ्यांत ठिबकानेंही दिवसाला शंभर लिटरांच्या आगेमागें पाणी लागतें. म्हणजे रोजचे सत्तावीस-अठ्ठावीस हजार लिटर. त्या हेक्टरावर मुरलेलें सारें पाणी पंचवीस दिवसांत संपावें, असा हा व्यवहार आहे. उरलेलें पाणी भोंवतालच्या जमिनीचें, म्हणजे दुसऱ्याचें. २०१२-१३ च्या दुष्काळांत जालना जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. शेतकऱ्यांनीं पोटच्या पोरासारखीं वाढविलेल्या झाडांवर कुऱ्हाड चालविली.

यावर उपाय म्हणून शेततळें पुढें आलें, आणि २०१६ मध्यें राज्य सरकारनें मागेल त्यास शेततळें देण्याची योजना सुरू केली. वाहून जाणारें पाणी अडवून तें पिकास एकदोन वेळां द्यावें, ही कल्पना उत्तम. परंतु तळाशीं प्लास्टिकचा कागद अंथरून, विहिरीचें पाणी पंपानें वर चढवून त्यांत भरलें, तर गोष्ट उलटी होते. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद व तीन मीटर खोल अशा तळ्यांत, बाजूंचा उतार वजा जातां, सुमारें बावीस लाख लिटर पाणी मावतें; तीन हेक्टरांचा वर्षाचा पाझर तो हाच. आणि उन्हाळ्याच्या भरांत रोज आठ मिलिमीटर पाणी उडालें तरी भरलेल्या तळ्यांतून सात हजार लिटर वाफ होऊन जातात. खडकाच्या पोटांत सावलींत असलेलें, सर्वांच्या वाट्याचें पाणी एकानें उन्हांत आणून ठेवावें, याला सांठवण म्हणावें कीं नुसती ताबेदारी?

कायद्याची मूळ कल्पनाही ताबेदारीचीच होती. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानें जमिनीच्या मालकास तिच्याखालचें झिरपतें पाणी हवें तेवढें काढण्याची मुभा मानली. महाराष्ट्रानें १९९३ मध्यें पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून पांचशें मीटरांच्या आंत नवी विहीर खणण्यावर बंधन घातलें. २००९ चा भूजल अधिनियम २०१४ मध्यें अंमलांत येऊन साठ मीटर वा अधिक खोल विहिरी शेतीसाठीं घेण्यास मनाई झाली. मात्र बोअरचीं यंत्रें रात्रीं येतात आणि पहाटेपूर्वीं जातात; खोली मोजण्यास तेथें उभें कोण राहणार?

म्हणून जेथें गांवानेंच हिशेब हातीं घेतला, तीं उदाहरणें अधिक बोलकीं आहेत. जालना तालुक्यांतील कडवंची गांवांत खरपुडीच्या कृषि विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखालीं १९९६ पासून माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती झाली. पुढें तेथें द्राक्षें पिकूं लागलीं आणि २०१२ च्या दुष्काळांतही तगलीं. पुरंदर तालुक्यांत विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीनें १९७२ च्या दुष्काळानंतर पाण्याची वांटणी जमिनीवर न करतां माणशीं केली व ऊंस वर्ज्य ठरविला. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजारनें शेतीच्या बोअरला बंदी केली आणि किती पाऊस पडला हें पाहून मगच पिकें ठरविण्याचा प्रघात पाडला. या तिन्हींत शेवटचा नियम सर्वांत कठीण दिसतो, कारण बांध सरकारी पैशानें होतात, पण पीक न घेण्याचें ठरविण्यास शेजाऱ्याचा विश्वास लागतो. ठिबक संचाचेंही तसेंच. त्यानें पाणी वांचतें हें खरें. पण वांचलेल्या पाण्यावर आणखी एक एकर मिरची लागली, तर विहिरीस त्याचा पत्ताही लागत नाहीं.

भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठराविक विहिरींची पातळी वर्षांतून चार वेळां, जानेवारी, मार्च, मे व पावसाळा सरतांना, मोजते. त्यांतील शेवटची नोंद रब्बीच्या पेरणीपूर्वीं हातीं येते. त्या दिवशीं ग्रामसभेंत तो आंकडा मोठ्यानें वाचला गेला, तर गहूं किती, हरभरा किती आणि वैशाखांतली मिरची किती, हें बी विकत घेण्यापूर्वींच ठरवितां येतें.