मस्तिष्कावरणदाह आणि रुग्णांची नोंद

मेंदू व मज्जारज्जू यांवरील आवरणास सूज आणणारा मस्तिष्कावरणदाह, म्हणजेच मेनिंजायटिस, हा घातक रोग होय. मेनिंगोकॉकस जंतूमुळे होणारा त्याचा प्रकार निकट सहवासाने पसरतो. तीव्र ताप, डोकेदुखी, उलट्या व मान ताठ होणे ही त्याची लक्षणे. उपचारास विलंब झाल्यास रोगी एकदोन दिवसांतही दगावतो.

आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात कोरड्या ऋतूत या रोगाच्या साथी येतात. १९९६ च्या साथीत तेथे २,५०,००० हून अधिक लोक आजारी पडले व सुमारे २५,००० मृत्युमुखी पडले. पुढे तेथे जिल्हावार साप्ताहिक रुग्णगणना रूढ झाली. लाख वस्तीत आठवड्यास १० रुग्ण आढळले, की साथ सुरू झाली असे समजतात. रोग्याच्या कण्यातील द्रव तपासून जंतूचा गटही ठरवितात. मोठ्या साथींचे मूळ बहुधा ‘ए’ गटात असे. त्यावर पुण्यात तयार झालेली लस २०१० साली बुर्किना फासोत प्रथम मोठ्या प्रमाणावर देण्यात आली. २०१७ नंतर त्या पट्ट्यात ‘ए’ गटाचा एकही रुग्ण निश्चित झालेला नाही.

तथापि गणना थांबली नाही. म्हणूनच २०१५ साली नायजर देशातील ‘सी’ गटाची साथ ओळखता आली. पाच गटांवरील, पुण्यातच तयार झालेली लस २०२४ साली नायजेरियाने प्रथम वापरली.

शाळेचे हजेरीपत्रक हीही एक गणनाच होय. एकाच आठवड्यात अनेक मुले तापाने गैरहजर राहिल्यास शिक्षकाने त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. तापासह मान ताठ झालेल्या मुलास मात्र क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात पोचवावे.