पायांनीं राखलेला ताल

आपल्या मराठींत 'पायांत चाळ बांधणें' हा शब्दप्रयोग फारसा गौरवानें केला जात नाहीं. मास्तरकी करीत असतांना मीही त्याच समजुतीचा होतों. बाकाखालीं बुटांनीं ताल धरणाऱ्या एका मुलास मीं एकदां तासभर उभें केलें होतें. पुढें टॅप नृत्याचा इतिहास वाचनांत आला आणि त्या शिक्षेची लाज वाटूं लागली.

टॅप म्हणजे बुटाच्या चवड्याखालीं व टांचेखालीं धातूच्या पट्ट्या बसवून लांकडी जमिनीवर ताल उमटविण्याची कला. नर्तक आणि वादक येथें एकच.

इ. स. १७३९ मध्यें अमेरिकेंतील साउथ कॅरोलिना वसाहतींत, स्टोनो नदीच्या परिसरांत, आफ्रिकी गुलामांनीं ढोल वाजवीत बंड केलें. तें मोडलें गेलें. आणि १७४० च्या कायद्यानें गुलामांच्या ढोल-शिंगांवर बंदी आली. पण ढोल हिरावतां आला, तरी पाय कसे हिरावणार? टाळ्या, मांडीवरील थापा आणि पायांचे ठोके यांत तो ताल जिवंत राहिला.

याच देशांत आयर्लंडचे गरीब लोक आपलें जिग नृत्य घेऊन आले. इंग्लंडांतील लँकेशायरच्या गिरणी कामगारांचें, लांकडी तळाच्या पादत्राणांचें नृत्यही तेथें पोहोंचलें. न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स या दरिद्री वस्तींत हे प्रवाह एकत्र झाले. तेथील एका कृष्णवर्णी नर्तकाचें वर्णन डिकन्सनें १८४२ सालीं प्रसिद्ध केलें. तो 'मास्टर जूबा' म्हणून गाजलेला विल्यम हेन्री लेन असावा, असें मानतात. धातूच्या पट्ट्या रूढ झाल्या त्या विसाव्या शतकांत. बिल रॉबिन्सनचें जिन्यावरील नृत्य १९३५ च्या बोलपटानें घरोघर पोहोंचविलें, आणि त्याचा जन्मदिवस, २५ मे, हा १९८९ पासून अमेरिकेंत टॅप नृत्याचा राष्ट्रीय दिन ठरला.

आपल्याकडे कथकांत हेंच काम अनवाणी तळवा व टांच करतात. घुंगरूं त्यांना साथ देतात. 'ता थेई थेई तत्' हे बोल आधीं तोंडानें म्हणावयाचे आणि मग पायांनीं वठवावयाचे. पुण्यांत रोहिणी भाटे यांनीं १९४७ सालीं 'नृत्यभारती' स्थापिली, आणि सुशिक्षित घरांतील मुलींच्या पायांत घुंगरूं मानानें आलीं. चित्रेश दास यांचे कथक आणि जेसन सॅम्युएल्स स्मिथ यांचें टॅप २००५ पासून एकाच रंगमंचावर सवाल-जबाब करीत होतें. लोखंडी टांच आणि उघडा तळवा यांना दुभाष्याची गरज पडली नाहीं.

आमच्या अंबरनाथचें शिवालय शके ९८२ चें. तेथील दगडांतही नृत्याला स्थान आहे; देवाच्या भिंतीवर जें शोभतें, तें आम्हीं घरांत हलकें कां मानावें? पलीकडच्या उल्हासनगराकडेही पाहा. फाळणीनंतर सिंधमधून आलेलीं कुटुंबें कल्याणच्या छावणींत उतरलीं. त्याच छावणीचें १९४९ मध्यें उल्हासनगर झालें. घरेंदारें मागें राहिलीं, पण छेज नृत्याची लय बरोबर आली. ती कोणत्याही सरहद्दीवर उतरवून घेतां येत नव्हती.

म्हणून, श्रोतेहो, आपल्या घरीं एखादें मूल पायानें ताल धरून बसलें, तर त्यास लगेच दटावूं नका. आधीं तो ताल कोणता, तें ऐका. मीं तें ऐकलें नव्हतें.